नोकरी करणाऱ्या आईचा अपराधीपणा : मनाचा की धोरणाचा?

ठाणेकरीण (धागाकर्ती) :

नोकरी करणारी बाई 'मुलाला वेळ देता येत नाही, फार अपराधी वाटतं' असं म्हणाली, की तिला सल्ले मिळतात. ध्यान कर, डायरी लिही, रविवारचा एक तास स्वतःसाठी राखून ठेव. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट धरून चाललेली असते : बिघाड तिच्या मनात आहे आणि दुरुस्तीही तिनेच करायची आहे. मला हे पटत नाही. तिला जे वाटतं त्यातला मोठा भाग कायद्याने, नोकरीच्या नियमांनी आणि घरातल्या वाटणीने तिच्या पदरात टाकलेला आहे, असं माझं म्हणणं आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी जरूर विरोध करा, त्यासाठीच धागा काढलाय.

रजेचे नियम काढून बघा. २०१७ साली प्रसूती लाभ कायदा सुधारला. पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. ही सुधारणा हवीच होती. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला बघून यायची मुभा त्यात फक्त आईला आहे. बाप त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसत असला, तरी त्याच्याबद्दल कायदा गप्प. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एका दिवसाचीही पितृत्व रजा नाही, कंपनीने दिली तर तिची मर्जी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवस मिळतात.

बालसंगोपन रजेचा नियम तर याहून बोलका आहे. केंद्रात बाईला सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवस. पुरुषाला कधी? तो एकटा पालक असेल तर. आपल्या राज्य सरकारने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली ती महिला कर्मचाऱ्यांसाठी. पुरुषाला ती मिळते, पण बायको हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे आई चालतीफिरती आहे तोवर मूल तिचं, हे सरकारने लेखी देऊन ठेवलंय. मग मुलाला गणितात कमी गुण पडले की नातेवाईक आईच्या नोकरीकडे बोट दाखवतात आणि बापाच्या नोकरीचा विषयही निघत नाही, यात नवल ते काय!

घरातली वाटणी सरकारच्याच आकड्यांत दिसते. २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला रोजचा वेळ २८९ मिनिटं निघाला, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. २०१९ मध्ये बायकांचा २९९ होता. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली.

मला तीन गोष्टी हव्यात. बापासाठी वेगळी राखलेली रजा, जी त्याने घेतली नाही तर वाया जाईल आणि आईला देता येणार नाही. प्रसूती रजेचा पगार मालकाच्या खिशातून न जाता सगळ्यांच्या वर्गणीच्या निधीतून. आणि ऑफिसात नव्हे, राहत्या वस्तीत चालत जाता येईल असं पाळणाघर. दोन वर्षांच्या मुलाला लोकलच्या गर्दीतून दादरला नेणारी आई मी तरी पाहिलेली नाही.


पहाटवारा :

नियमांचा मुद्दा मान्य. निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

मी बँकेत अधिकारी होते. मुलगी वर्षाची व्हायच्या आत राजीनामा दिला. कुणी भाग पाडलं नाही. सासूबाई सांभाळायला तयार होत्या, नवरा घरातलं सगळं करणारा. तरी सकाळी तिला सोडून निघताना आतडं तुटायचं. हे कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमामुळे? तान्ह्या बाळापासून लांब जाताना आईला जे होतं, ते 'पदरात टाकलेलं' म्हणून तुम्ही बाजूला सारलंत की त्या वाटण्याची किंमतच उरत नाही. मला त्या वाटण्याने कळलं की माझी जागा त्या वेळी कुठे आहे. ते मनातून पुसून टाकणारं धोरण मला नको.

दुसरं म्हणजे, पाळणाघर हा सगळ्यावरचा उतारा असल्यासारखं बोललं जातं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून दिवसाला ५ डॉलरमध्ये पाळणाघर द्यायला सुरुवात केली. आया मोठ्या संख्येने कामावर गेल्या. पण बेकर, ग्रूबर आणि मिलिगन या अर्थशास्त्रज्ञांना तिथल्या मुलांत चिंता आणि आक्रमकपणा वाढलेला दिसला. अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून जास्त मुलांचा जन्मापासून अभ्यास झाला, त्यातही पाळणाघरात जास्त तास राहिलेल्या मुलांत वागणुकीच्या तक्रारी थोड्या जास्त आढळल्या. आईला लवकरात लवकर ऑफिसात परत आणणं, एवढंच कुटुंब धोरण असतं का?

मला हवं असलेलं धोरण वेगळं आहे. तीन वर्षं घरी राहिलेल्या बाईला परतायचा हक्क द्या. मुलगी शाळेत रुळल्यावर मी अर्ज केले, तेव्हा मुलाखतीत मधली वर्षं म्हणजे माझ्या नावावरचा डाग असल्यासारखे प्रश्न आले. त्या मधल्या वर्षांत मी जगातलं सगळ्यात जबाबदारीचं काम केलं होतं.


ठाणेकरीण :

परतायच्या हक्काला माझा पूर्ण पाठिंबा, तो माझ्या यादीत चौथा घालते.

पण अमेरिकेतल्या त्या अभ्यासाचा अर्धाच भाग तुम्ही सांगितलात. मुलाच्या वाढीवर पाळणाघरापेक्षा घरचा परिणाम जास्त होतो, आई मुलाशी कशी वागते, घरात काय वातावरण आहे याचा, हेही त्यातच निघालं. आणि पाळणाघर चांगल्या दर्जाचं असेल तर भाषा आणि आकलनात मुलं थोडी पुढेच असतात, हेही. क्वेबेकमध्ये मागणी एकदम वाढली आणि सगळीकडे दर्जा सारखा राहिला नाही. तो इशारा दर्जाबद्दलचा आहे.

आतडं तुटणं खरं आहे. मी त्याला खोटं म्हणत नाही. विचारते एवढंच की तुमच्या घरात राजीनाम्याचा विचार झाला, तेव्हा 'त्याने द्यावा का' हे कुणी बोलून दाखवलं होतं?


पहाटवारा :

हो. त्यानेच बोलून दाखवलं होतं. त्याचा पगार माझ्यापेक्षा कमी होता, तो घरी राहायला तयार होता. मीच नको म्हटलं. मला राहायचं होतं. प्रत्येक बाईच्या निर्णयामागे कुणीतरी उभं आहे असं धरून चालू नका.


हुपरीकर :

दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. माझं शिरोली एमआयडीसीत छोटं युनिट आहे. दहाच्या वर माणसं आहेत, म्हणजे प्रसूती लाभाचे नियम मला लागू. कामगारांचं ठीक आहे. ज्यांचा पगार २१ हजारांपर्यंत आहे ते ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विम्यात येतात, त्यांच्या रजेचा पैसा तिकडून मिळतो. पण अकाउंट्स आणि डिझाइनला बसणाऱ्या मुलींचा पगार त्याच्यावर आहे. त्यांच्या २६ आठवड्यांचा पगार माझ्या खिशातून, शिवाय तेवढ्या काळासाठी बदली माणूस शोधायचा, शिकवायचा, त्याचाही पगार. मोठ्या कंपनीला हे जाणवत नाही. आमच्यासारख्याचं वर्षाचं गणित बदलतं.

त्यामुळं काय होतं ते सरळ सांगतो. लग्न ठरलेल्या मुलीचा अर्ज आला की आमच्याकडं बरेच जण तो बाजूला ठेवतात. बोलत कुणी नाही. मी स्वतः असं केलेलं नाही, पण शेजारच्या गाळ्यावाल्याला दोषही देऊ शकत नाही. बाईच्या नावानं केलेला कायदा बाईचीच नोकरी खातोय. तुम्ही अपराधीपणाबद्दल बोलताय, इथं मुळात नोकरीच मिळेना झालीय.


ठाणेकरीण :

हुपरीकर, राग कसला! माझी दुसरी मागणी नेमकी हीच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० साली मातृत्व संरक्षणाचा करार केला (क्रमांक १८३). प्रसूती रजेचा थेट खर्च एकट्या मालकावर टाकू नये, तो सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून व्हावा, असं त्यात म्हटलंय. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २६ आठवड्यांची घोषणा झाली, टाळ्या मिळाल्या, बिल तुमच्यासारख्यांकडे आलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने ठरावीक पगाराच्या आतल्या बायकांसाठी मालकाला ७ आठवड्यांचा पगार परत द्यायचा प्रस्ताव मांडला होता. बातम्या आल्या, पुढे काही नाही.

ईएसआयसीत हे चालतं, म्हणजे यंत्रणा आपल्याकडे आहे. मालक थोडी वर्गणी भरतो, कामगार थोडी भरतो, आणि कुठल्या कंपनीत किती बायका बाळंत झाल्या याने मालकाचा हिशेब बिघडत नाही. हीच सोय २१ हजारांच्या वरच्यांना का नको?

पण शेजारच्या गाळ्यावाल्याला मी दोष देते. अर्ज बाजूला ठेवणं हा अन्यायच आहे, कायदा कितीही वाईट लिहिलेला असो. आणि बापाला सक्तीची रजा मिळाली तर लग्न ठरलेल्या मुलाचा अर्जही तितकाच 'जोखमीचा' होईल. तेव्हाच ही छाननी थांबेल.


स्पष्टवक्ता :

वरचं सगळं वाचलं. अपराधीपणा वगैरे एसीत बसणाऱ्या शहरी बायकांचे विषय आहेत. शेतात, बांधकामावर राबणारी बाई कधी म्हणते का मला गिल्ट येतं म्हणून? मूल पाठीला बांधते आणि कामाला लागते. ज्यांचं पोट भरलेलं असतं त्यांनाच मनाचे एवढे चोचले सुचतात.


गोदाकाठ :

स्पष्टवक्ता, मी बीड जिल्ह्यात आशा, म्हणजे गावातली आरोग्यसेविका म्हणून काम करते. तुम्ही लिहिलेलं मला सोसलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे हिशेबाला दोघांची एकच जोडी. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो ते जोडीला देतो, बाईच्या नावानं वेगळा पैसा नसतो. पहाटे अंधारात फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एक दिवस कामाला गेली नाही की खाडा, तो उचलीतून कापला जातो. पाळीचा त्रास असला तरी खाडा, बाळंतीण असली तरी खाडा. तान्हं लेकरू फडाच्या कडेला चिपाडाच्या सावलीत झोपवलेलं असतं. थोरली पोरगी असली तर तिची शाळा सुटते, कारण धाकट्याला कोपीवर, म्हणजे झोपडीवर सांभाळायला कुणीतरी पाहिजे.

याच खाड्याच्या भीतीनं आमच्या बायकांनी तरुण वयातच गर्भाशयं काढून घेतली. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली.

या बायकांना अपराधी वाटत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं? गावी परतल्यावर वजन करायला लेकरू आणतात, ते कमी भरलं की माझ्याकडं बघत नाहीत. जमिनीकडं बघतात. एक बाई म्हणाली, फडावर असताना लेकराला दिवसभर दूध पाजायला बसले असते तर खाडा पडला असता, मी उचल बघितली आणि लेकरू नाही बघितलं. तिच्या शब्दाला तुम्ही चोचला म्हणणार का?

आणि ठाणेकरीणताई, तुमचं बरोबर आहे पण अपुरं आहे. २६ आठवड्यांचा कायदा आमच्या बाईपर्यंत येतच नाही. तिचा मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो मी फक्त माणसं पुरवतो. तिला मिळते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची पहिल्या बाळंतपणाची ५ हजाराची मदत, तीही हप्त्यानं आणि कागद पूर्ण असले तर. शाळकरी मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहं निघतात, ती चांगली सोय आहे. पण दीड वर्षाच्या लेकराला वसतिगृहात ठेवता येत नाही. अंगणवाडी काही तास चालते आणि ती गावात, आई साखर कारखान्यावर दोनशे किलोमीटर लांब. पाळणाघर फडावर पाहिजे. कारखाना काट्यावर ऊस मोजायला माणूस ठेवू शकतो, तर लेकरं सांभाळायला दोन बाया ठेवू शकतो. हंगाम कधी सुरू होतो, टोळी किती माणसांची, सगळं त्यांना आधीपासून माहीत असतं.


ठाणेकरीण :

गोदाकाठ, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझी 'वस्तीत पाळणाघर' ही मागणी स्थिर घर धरून केलेली होती. जिथे आई तिथे पाळणाघर, असं म्हणायला हवं.

हे होऊ शकतं याचा दाखला आहे. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केलं, त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली. काम जिथे जाईल तिथे पाळणाघर जातं. आणि मालक कोण हा प्रश्न न्यायालयाने एकदा हाताळलाय : २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदारी बायकांनाही प्रसूती लाभ द्यायला लावला. रस्त्यावर खडी फोडणारी बाई कायम नोकरीत नाही, म्हणून तिचं बाळंतपण वेगळं ठरत नाही.


निवृत्त मास्तरीण :

मी पुण्याची, वय ६७, माध्यमिक शाळेत शिकवलं. सगळ्यांचं वाचलं. एका माणसाचा उल्लेख कुणी केला नाही, तो मी करते. आजीचा.

या देशाचं कुटुंब धोरण आजवर आजी हेच आहे. सून कामाला जाते ती माझ्या गुडघ्यांवर. मला नातवंडं प्राणाहून प्रिय आहेत. पण सकाळी साडेसातपासून संध्याकाळी सातपर्यंत तीन वर्षांच्या मुलामागे धावणं या वयात होत नाही. मला यात्रेला जायचं होतं, बरोबरीच्या बायका जाऊन आल्या. मी 'यंदा नको' म्हटलं, कारण माझ्या मागे मुलाला कोण बघणार. आणि मनात नुसतं 'जावं' असं आलं तरी मला अपराधी वाटलं. म्हणजे सुनेचं ओझं हलकं झालं ते माझ्याकडे सरकून. तुमच्या धोरणात आजीच्या पदराला काय बांधणार आहात?

आता विरोधाचं. ठाणेकरीण, तुम्ही सगळं सरकारच्या दारात नेऊन ठेवता. सरकार पाळणाघर काढेपर्यंत माझा नातू कॉलेजात जाईल. आमच्या घरात माझे पती निवृत्त आहेत, ठणठणीत आहेत, रोज सकाळी दोन तास फिरायला जातात, पेपर शब्दकोड्यासकट पुरा करतात. नातवाला भरवायला ते कधी बसले नाहीत, कारण त्यांना कुणी सांगितलं नाही. मीही नाही. मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन घरूनच काम करतो, पण नातू रडला की आईला नाहीतर बायकोला हाक मारतो. हे बदलायला कुठला अध्यादेश लागतो? घरातल्या पुरुषांना हाताला धरून उठवा. आजच्या आज होण्यासारखं आहे.


पिंपरीचा बाबा :

काकू, तुमच्या मुलाच्या जागी मी होतो, म्हणून सांगतो. नुसतं हाताला धरून उठवून होत नाही.

मुलगा झाला तेव्हा आमच्या कंपनीत बापाला पाच दिवस होते. मी साठलेली रजा जोडून महिनाभर घरी राहिलो. परत आल्यावर वरिष्ठ म्हणाले, 'एवढं काय काम होतं तुला? बाळंत तर ती झाली.' त्या वर्षीच्या मूल्यांकनात माझ्या 'बांधिलकी'वर शेरा आला. माझ्या टीममधल्या दोघांनी ते पाहिलं आणि त्यांची मुलं झाली तेव्हा पाच दिवसही पूर्ण घेतले नाहीत. रजा ऐच्छिक असेल तर ती घेणारा पुरुष नोकरीबद्दल गंभीर नाही असं धरलं जातं. सगळ्यांना घ्यावीच लागली तर हे धरता येणार नाही. म्हणून न घेतल्यास वाया जाणारी रजा मला योग्य वाटते. उलट मी म्हणेन, ती सक्तीची करा.

पण एक गोष्ट बायकांनाही सांगायची आहे, आणि ती लोकांना आवडणार नाही. त्या महिन्यात मी बाळाला आंघोळ घालायला घेतली की सासूबाई बादली ओढून घ्यायच्या. लंगोट बांधला की बायको सोडून परत बांधायची. 'तुला नाही जमणार' हे मी इतक्यांदा ऐकलं की काही दिवसांनी मीच मागे सरलो. पुरुष करत नाहीत हे खरं. काही जणांना करू दिलं जात नाही, हेही खरं.


पहाटवारा :

हे अगदी बरोबर लिहिलंत. मीही नवऱ्याला असंच करायचे.


ठाणेकरीण :

पिंपरीचा बाबा, अनुभव मनापासून लिहिलात. तरी बादलीचा मुद्दा मी तुमच्याइतका वजनदार मानत नाही. मूल आजारी पडलं तर जाब जिला विचारला जाणार, ती दुसऱ्याच्या हातात सहज सोडत नाही. त्यात तिचा हट्ट कमी आणि भीती जास्त असते. जाब दोघांना विचारला जाऊ दे, बादली आपोआप सुटेल. आणि मास्तरीणबाई, तुमच्या मुलाला बाळाजवळ घरी बसायला लावणारा नियम ऑफिसात असता तर घरात त्याला उठवावं लागलं नसतं, असं मला अजूनही वाटतं. पण आजीचा मुद्दा मी टाळत नाही. वस्तीत पाळणाघर ही मागणी मी केली ती आईसाठी. ती तितकीच तुमच्यासाठी आहे.


गोथेनबर्गहून :

मूळ साताऱ्याची, बरीच वर्षं स्वीडनमध्ये. धागाकर्तीला जे हवंय त्यातलं बरंच इथे आहे, म्हणून काय होतं आणि काय होत नाही ते सांगते.

स्वीडनने १९७४ मध्येच प्रसूती रजेच्या जागी आई आणि बाप दोघांची पालक रजा आणली. आज एका मुलामागे दोघांना मिळून ४८० दिवस असतात, त्यातले ९०-९० दिवस ज्याचे त्यालाच वापरावे लागतात. हे राखीव दिवस १९९५ मध्ये एका महिन्यापासून सुरू झाले आणि २००२, २०१६ मध्ये वाढले. त्याआधी रजा दोघांची होती तरी बाप फारशी घेत नसत. म्हणजे पिंपरीचा बाबा म्हणतात ते इथे घडून गेलेलं आहे. पैसे सामाजिक विम्यातून मिळतात, मालक देत नाही. मूल आजारी पडलं तर घरी राहायची वेगळी भरपाई आहे, ती दोघंही घेतात. माझा नवरा ऑफिसात 'मुलीला ताप आहे, मी निघतो' म्हणतो तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. मास्तरीणकाकूंसाठी खास : जुलै २०२४ पासून आई आणि बाप प्रत्येकी आपल्या पगारी दिवसांतले ४५ दिवसांपर्यंत आजीआजोबांना किंवा दुसऱ्या कुणाला देऊ शकतात. आजीने नातवाला सांभाळलं तर त्या दिवसांचे पैसे आजीला.

आता न होणारं. शेजारच्या डेन्मार्कमध्ये पाळणाघरं, रजा सगळं आहे. तरी क्लेव्हेन, लांडे आणि सोगार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं की पहिल्या मुलानंतर बायकांची कमाई पुरुषांच्या तुलनेत साधारण २० टक्क्यांनी मागे पडते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते. अर्धवेळ काम बायकाच जास्त घेतात. इथेही.

आणि अपराधीपणा गेला का? नाही. इथे सव्वा-दीड वर्षाचं मूल पाळणाघरात जाणं ही रीत आहे. माझी मैत्रीण मुलाला अडीच वर्षं घरी ठेवून होती तर तिला 'त्याला इतर मुलांची सवय कशी लागणार' असं ऐकावं लागलं. तिला त्याचं अपराधी वाटायचं. पहाटवारा यांना इथे जास्त बोलणी बसली असती. धोरण कुठलंही असो, ते 'चांगली आई' कशी असते याचं एक चित्र तयार करतं, आणि त्या चौकटीत न बसणारीला टोचणी लागते. माझ्या घरी फरक पडला तो इतकाच की टोचणी दोघांना लागते. मुलगी पाळणाघरात रडली तर त्या रात्री नवऱ्यालाही झोप येत नाही. मला हा फरक मोठा वाटतो. पण धोरणाने अपराधीपणा जाईल असं कुणाला आश्वासन देऊ नका.


ठाणेकरीण :

टोचणी दोघांना लागते, हे वाचून मी थांबले. मला नेमकं तेच हवंय. ती शून्यावर येईल असं मी म्हणत नाही.


पहाटवारा :

गोथेनबर्गहून, तुमच्या मैत्रिणीचं वाचून बरं वाटलं. ठाणेकरीण, म्हणूनच सांगते, पाळणाघराच्या मागणीबरोबर घरी राहायची निवड करणाऱ्या बाईची किंमत कमी होणार नाही हे लिहून घ्या. आज माझ्यासारखीला वाटतं की मी शिकून वाया गेले. तोही अपराधीपणाच आहे आणि त्याच्याबद्दल या धाग्यात फार कमी बोललं गेलं.


हुपरीकर :

एक व्यवहाराची गोष्ट सुचवतो. २०१७ च्या दुरुस्तीत पाळणाघर स्वतंत्र किंवा सामायिक, दोन्ही चालतं. आमच्या वसाहतीत छोटे गाळे खूप आहेत, बहुतेकांकडे ५० माणसं नाहीत म्हणून कायदा लागू नाही आणि कुणीच काढत नाही. पाचदहा युनिटनी मिळून एक काढलं तर माणशी खर्च परवडण्यासारखा आहे. जागेचं महामंडळाशी बोलता येईल. आमच्या असोसिएशनच्या बैठकीत मी विषय ठेवायला तयार आहे. आई असो बाप असो, जो कामावर येतो त्याचं मूल घ्यायचं, एवढी अट मी घालीन.


गोदाकाठ :

हुपरीकर भाऊ, विषय जरूर ठेवा. पण त्याआधी एक विचारते. तिथं मुलं सांभाळायला ज्या बाया ठेवाल त्यांना महिन्याला किती देणार? अंगणवाडी सेविका वर्षानुवर्षं मानधनावर राबतात, आम्हा आशांना कामाच्या मोबदल्यावर ठेवलंय, आणि दुसऱ्याची लेकरं बघणाऱ्या बाईचं स्वतःचं लेकरू शेजारणीकडं असतं. तुमच्या पाळणाघरातल्या बाईला किमान वेतन, ईएसआयसी आणि तिचं लेकरू तिथंच ठेवायची मुभा मिळणार असेल, तर इथून दोनचार शिकलेल्या, अनुभवाच्या बाया मी तुम्हाला सुचवते.


हुपरीकर :

किमान वेतन आणि ईएसआयसी द्यावंच लागेल, त्यात सूट मागत नाही. तिचं मूल तिथं ठेवायला माझी हरकत नाही. बाकीच्यांना हे पटवायला लागेल, कारण खर्चाचा आकडा आत्ता धरला त्यापेक्षा वर जाणार. आकडे मांडून इथंच टाकतो.


निवृत्त मास्तरीण :

टाका. आणि तुमच्या असोसिएशनच्या बैठकीत बायका किती असतात तेही लिहा.